छान रडली होती

"कोट काढून ठेवा ना जरा. समोर देणगीदार बसलेत."

हे माझ्या बाबांना सांगितलं गेलं. भोपाळमध्ये, बिट्टन मार्केटजवळच्या एका सभागृहात, स्टेजच्या पडद्याआड, जिथे हारांच्या टोपल्या आणि पाण्याचे जार ठेवले होते तिथे. सांगणारी बाई मराठी मंडळाची सचिव. तिला सगळे काकू म्हणायचे, म्हणून मीपण काकूच म्हणायची. जांभळी पैठणी, केसात गजरा, आवाज एकदम गोड. त्या गोडपणाची मला अजून शिसारी येते.

बाबांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं, गरम होतंय का म्हणून विचारतायत. हसून म्हणाले, नाही नाही, ठीक आहे. मग काकूंनी त्यांना लहान मुलाला सांगतात तसं समजावून सांगितलं. ही योजना गरजू मुलांसाठी आहे. तुम्ही असे सुटाबुटात वर आलात तर लोकांना काय वाटेल? आतला शर्ट चांगला आहे की. साधाच बरा दिसतो.

बाबांनी कोट काढला.

मला मेडिकलला सीट मिळाली तेव्हा त्यांनी तो शिवून घेतला होता. आम्ही बौद्ध. आमच्या घरातल्या भिंतीवर ज्या माणसाची तसबीर आहे तो निळ्या कोटात आहे, आणि त्याने तो कोणाला विचारून घातलेला नव्हता. बाबांनी तसंच निळं कापड निवडलं होतं. दुकानात आईला म्हणाले, पोरगी डॉक्टर होऊन राहिली, मग बापाला कोट नको? तो कोट त्यांनी उलटा करून नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. अजून गरम होता.

स्टेजवर सूत्रसंचालकाने माइकवर सांगितलं, कारखान्यातल्या एका मजुराची ही मुलगी. माझे बाबा मजूर नव्हते. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात ते क्रेन चालवायचे. वर केबिनमध्ये बसून, खाली माणसं काम करत असताना, अवजड लोखंड इकडून तिकडे न्यायचे. कधी कोणाला खरचटलं नाही त्यांच्या हातून. पगार वेळेवर यायचा, क्वार्टर होतं, फ्रिज होता, मी इंग्लिश मीडियममध्ये शिकले. गरीब नव्हतोच आम्ही. पण गरीब नसलेला दलित त्या स्टेजवर कुठे बसवायचा, हे त्यांना माहीत नव्हतं. मग आधी त्याला गरीब करून घ्यायचं.

मग आम्ही तिथे गेलो कशाला? असं मला पुढे हॉस्टेलमधल्या मैत्रिणींनीपण विचारलं. पैशासाठी नाही गेलो. त्या मंडळाची एक योजना होती, पालक-डॉक्टर योजना. आमच्यासारख्या घरातून मेडिकलला गेलेल्या मुलांना एकेक मोठा डॉक्टर जोडून द्यायचे. आमच्या आख्ख्या खानदानात डॉक्टर नाही. कोणतं पुस्तक आधी वाचायचं, तोंडी परीक्षेत परीक्षकासमोर कसं उभं राहायचं, पीजीचा अभ्यास कधी सुरू करायचा, हे आम्हाला सांगणार कोण? डॉक्टरांच्या पोरांना हे वरणभात खाता खाता कळतं. त्यांना कळायला काही करावं लागत नाही. बाबा म्हणाले होते, "पैसा नाही पाहिजे बेटा. रस्ता सांगणारा माणूस पाहिजे." त्या एका माणसासाठी त्यांनी कोट काढला.

आणि मनोगत. ते तर राहूनच गेलं सांगायचं. ज्याला योजनेत घेतलं त्याने स्टेजवर मनोगत म्हणायचं, असा रिवाज होता. आधी लिहून काकूंना दाखवायचं. मी लिहिलं होतं की हृदयाच्या झडपा कशा उघडतात आणि मिटतात हे अकरावीत पहिल्यांदा वाचलं, आणि तेव्हाच मी ठरवलं. मला वाटलं, डॉक्टर होणाऱ्या मुलीने हेच सांगायचं असतं. काकूंनी वाचलं आणि चष्मा वर केला. "हे सगळं ठीक आहे गं. पण यात तुझा संघर्ष कुठे आहे?"

मग त्यांनीच सांगितला मला माझा संघर्ष. आई दुसऱ्यांकडे धुणीभांडी करते. मी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला. अहो, आमच्या क्वार्टरच्या प्रत्येक खोलीत ट्यूबलाइट होती! आई आयुष्यात कोणाकडे धुणीभांडी करायला गेली नाही. गेली असती तरी त्यात तिची लाज नव्हती. पण गेली नव्हती ना. ती घरी शिवणकाम करायची आणि संध्याकाळी विहारात लहान मुलांना पाढे शिकवायची. काकूंचा स्वतःचा नातू मराठीतून पाणी मागू शकत नव्हता, आणि माझं मराठी मनोगत त्या तपासत होत्या. जाता जाता माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "मागच्या वर्षीची मुलगी छान रडली होती. तूपण मोकळी हो. संकोच करू नकोस."

मी धुणीभांडी गाळली, दिवा गाळला, उरलं ते वाचलं आणि खाली बसले. रडले नाही. टाळ्या कमी पडल्या. दुसरा एक मुलगा रडला, त्याला जास्त पडल्या. मग आम्हा सगळ्यांना स्टेजवरच पांढरे ॲप्रन घालण्यात आले. ॲप्रनच्या खिशावर निळ्या दोऱ्याने भरतकाम केलेलं, कै. अमक्या तमक्यांच्या स्मरणार्थ. देवळातल्या पंख्यावर, बाकड्यावर घालतात ना नाव, तसं. माझ्या वाट्याला कोणाच्या तरी सासूबाई आल्या होत्या, सुशीलाबाई. पुढे वॉर्डात एक म्हातारे पेशंट मला सुशीला मॅडम म्हणूनच हाक मारायचे. मैत्रिणी हसल्या. मीपण हसले. खोलीवर येऊन ब्लेडने ते दोरे उसवले, तरी कापडावर टाक्यांची भोकं राहिली.

माझे पालक-डॉक्टर सर्जन होते. कोलार रोडला त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल. त्यांना मी सर म्हणायची. आता खरं सांगते, सर कधी माझ्यावर ओरडले नाहीत. कधी वाकडं बोलले नाहीत. चहा विचारायचे. हीच तर खरी गोची होती. कोणी शिवी दिली तर उलटून देता येते. चहा पाजून पाजून कोणी तुम्हाला तुमची जागा दाखवली, तर काय करणार? दर रविवारी मी आनंद नगरच्या आमच्या घरून आख्खं शहर ओलांडून त्यांच्याकडे जायची. ते स्टाफशी माझी ओळख करून द्यायचे, ही आमची योजनेतली मुलगी. मला नाव होतं. ते त्यांना चार वर्षांत एकदाही आठवलं नाही.

त्यांचा मुलगा एका खासगी कॉलेजात माझ्याच वर्षाला होता. रविवारी तोही यायचा. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, तो सरांच्या शेजारी उभा राहायचा, त्याच्या हातात चिमटा असायचा, त्याला सर सांगायचे, हे बघ, ही रक्तवाहिनी, इथे जपायचं. मी भिंतीला टेकून उभी. मला दिसायची ती सरांची पाठ. पहिल्याच दिवशी त्या मुलाने मला विचारलं होतं, रँक किती? मेडिकलमध्ये कोणी कोणाला जात विचारत नाही. रँक विचारतात. रँक सांगितली की समोरचा नुसती मान हलवतो, आणि त्या मान हलवण्यात सगळं आलं.

माझं काम ओटीच्या बाहेर होतं. वस्तीतून आलेले पेशंट माझ्याकडे पाठवायचे. तुमचीच माणसं आहेत, तू नीट समजावशील. झोपडपट्टीत मोफत शिबिर असलं की बॅनर धरायला मी, फोटोत पुढे मी. त्या फोटोवरून मंडळाला पुढच्या वर्षीच्या देणग्या यायच्या. एकदा धीर करून मी म्हटलं की सर, मला पुढे सर्जरी करायची आहे, अभ्यास कुठून सुरू करू? सरांनी छान हसून माझ्याकडे पाहिलं.

"सर्जरीला हात वेगळे लागतात. तू पीएसएम घे. तुमच्या समाजाला त्याची गरज आहे."

पीएसएम म्हणजे साथीचे रोग, लसीकरण, सार्वजनिक आरोग्य. विषय मोठा आहे, माझ्या ओळखीतली हुशार माणसं त्यात आहेत. पण ह्यांनी तो मला विषय म्हणून सांगितला नव्हता. माझे हात ह्या माणसाने कधी बघितलेच नव्हते. त्यात कधी चिमटा दिला नव्हता, दोरा दिला नव्हता. न बघताच हात वेगळे ठरवले.

तरी मी जात राहिले. बाबा दर रविवारी संध्याकाळी विचारायचे, काय सांगितलं सरांनी आज? मी खोटंखोटं काहीतरी सांगायची. त्यांचा चेहरा उजळायचा. अभ्यास मी सीनियर मुलींकडून जुन्या नोट्स घेऊन केला, परीक्षा पास झाले, इंटर्नशिप लागली. सरांचं त्यात काही नव्हतं. पण मंडळाच्या पत्रिकेत छापलं, योजनेचं फळ.

इंटर्नशिपच्या वर्षी काकूंचा फोन आला. यंदाच्या कार्यक्रमात मी चार शब्द बोलायचे. आणि एक नवी मुलगी आहे, तुमच्या आनंद नगरचीच, प्रणाली नाव, ह्या वर्षी तिला सीट मिळाली. तिच्याकडून मनोगताची तयारी करून घे. घाबरट आहे, पण केस फार चांगली आहे. केस! वडील वारले आहेत, आई सरांच्याच हॉस्पिटलमध्ये आया आहे. आणि मग आवाज खाली करून, जसं काही मिठाई वाढतायत, म्हणाल्या, "वडील दारूने गेले गं. ते आलंच पाहिजे तिच्या बोलण्यात."

प्रणाली माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात काकूंनी लिहून दिलेला कागद होता. ती तो वाचेना. मी म्हटलं, वाच की. ती म्हणाली, दीदी, पप्पा पीत नव्हते.

"लिव्हर खराब झालं होतं ना?"

"हो. पण कावीळ होती. पीत नव्हते."

मी नीट विचारलं. बी प्रकारची कावीळ. रक्तातून, सुईतून होते ती. खूप वर्षं अंगात राहते, माणसाला पत्ताही लागत नाही, आतल्या आत लिव्हर कडक होत जातं, आणि एक दिवस पोटात पाणी भरतं. प्रणालीचे पप्पा रिक्षा चालवायचे. तरुणपणी ताप आला की गल्लीतल्या कुठल्याशा झोलाछाप, बिनडिग्रीच्या डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घ्यायचे. एकच सुई सगळ्यांना. तिथून आली असणार. हे मी अंदाजाने सांगते, पण रोग कोणता ते अंदाजाने नाही सांगत. तपासण्या झाल्या होत्या. आणि तपासलं कोणी होतं? सरांनी. आया आपल्या नवऱ्याला घेऊन आपल्याच हॉस्पिटलच्या सरांकडे गेली होती. सरांनीच तिला बसवून सांगितलं होतं, ही बी कावीळ आहे, मुलीची पण टेस्ट करून घे, लस देऊन घे.

म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी मनाशी म्हटलं, काकूंची चूक झाली असेल. काकूंना काय कळतं लिव्हरमधलं. आमच्या माणसाचं लिव्हर गेलं म्हणजे दारूच, दुसरं असणारच कसं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तोच रोग त्यांच्या घरी झाला असता तर म्हणाल्या असत्या, बिचाऱ्यांना कुठूनसं इन्फेक्शन झालं. मी सरांकडे गेले. सर तर डॉक्टर. ते एका फोनमध्ये सुधारतील. मी त्यांना सांगितलं, सर, मनोगतात चुकीचं लिहिलंय, दारू लिहिलंय. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्याच छान हसण्याने म्हणाले,

"अगं, स्टेजवर काय निदान सांगायचंय? लोकांना समजेल असं हवं. दारू समजते."

मी उभीच राहिले. ते पुढच्या पेशंटला आत बोलवायला बेल वाजवत होते. मला त्या खोलीची, त्या फिनाइलच्या वासाची, त्या भिंतीवरच्या सन्मानचिन्हांची, सगळ्याची किळस आली. हा माणूस मला माझे हात वेगळे आहेत म्हणाला होता तेव्हा मला राग आला होता. आता राग नव्हता. राग आपल्या बरोबरीच्या माणसाचा येतो. एका मेलेल्या पेशंटचं निदान हा माणूस टाळ्यांसाठी बदलत होता. आमच्या धंद्यात ह्याच्यापेक्षा खाली जायला जागा नाही.

मी प्रणालीच्या घरी गेले, आनंद नगरला. प्रणालीची आई नुकतीच ड्यूटीवरून आली होती, पाय पसरून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. सर काय म्हणाले तेही. हेही सांगितलं की मी स्टेजवर खरं बोलले तर तुमची नोकरी जाईल, आणि प्रणालीला पालक-डॉक्टर मिळणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी तोंड शिवून बसेन, कारण बोलून मी निघून जाईन आणि भोगाल तुम्ही. ती बराच वेळ पायाचे तळवे चोळत बसली. मग म्हणाली,

"तो गेला तवा आख्खी गल्ली आली होती. सगळ्यायले माहीत होतं तो पेत नव्हता. आता माइकवरून सांगतील का, पेऊन मेला म्हणून? अन् ते माझ्या पोरीच्या तोंडून?"

तिने पसरलेले पाय आखडून घेतले. ती म्हणाली, बोल तू. नोकरी दुसरीकडे पाहीन.

प्रणालीला मी वेगळं विचारलं. ती खूप घाबरली होती. तिला पालक-डॉक्टर पाहिजे होता, जसा मला पाहिजे होता. ती म्हणाली, दीदी, मग मला शिकवणार कोण? त्या प्रश्नाला मी तिला तिथल्या तिथे उत्तर दिलं. म्हटलं, मी. तेव्हा ते उत्तर मला स्वतःला केवढं पेलेल ते माहीत नव्हतं.

बाबांना सांगितलं नाही. ते कार्यक्रमाला येणार होते, त्यांना दरवर्षी निमंत्रण असायचं, फळाचे वडील म्हणून.

सभागृह भरलं होतं. पुढच्या दोन रांगा देणगीदारांच्या, पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या. सर स्टेजवर, अध्यक्षांच्या शेजारी. प्रणालीची आई खाली पहिल्या रांगेच्या अगदी टोकाला बसवलेली. का, तर मुलगी बोलताना कॅमेरा आईवर न्यायचा होता. नवी मुलं एका कडेला उभी. सूत्रसंचालकाने माझं नाव घेतलं आणि म्हणाला, आता योजनेचं एक गोड फळ तुमच्याशी बोलेल. लोक हसले. मी माइकपाशी गेले. मी भाषण पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. जे बोलले ते एवढंच.

"माझ्यानंतर प्रणाली बोलणार होती. तिच्या वडिलांविषयी तिला एक वाक्य लिहून दिलं आहे, ते खोटं आहे. ते दारू पीत नव्हते. त्यांना हेपॅटायटिस बी होता. त्यांना सरांनी तपासलं होतं. सर इथेच बसलेत, त्यांना विचारा."

कोणी काही विचारलं नाही. मी सरांकडे बघितलं. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा पडेल, काहीतरी होईल. काही नाही. ते समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले होते. अध्यक्षांनी सूत्रसंचालकाकडे बघून हाताने खूण केली, आवरा. काकू पडद्याआडून माझ्या जवळ आल्या, माझा दंड धरला आणि दात दाबून म्हणाल्या, "शोभतं का तुला हे? काय कमी केलं आम्ही तुमच्यासाठी?"

माझ्या दंडावर त्यांची नखं रुतली होती. मी म्हटलं, काकू, हात सोडा. त्यांनी सोडला. मी कडेला उभ्या असलेल्या प्रणालीकडे गेले आणि म्हटलं, तुला बोलायचं असेल तर जा, बोल, जे तुला बोलायचं ते. तिने मान हलवली. नको. तिला बोलायचंच नव्हतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी आजवर कोणी तिला विचारलं नव्हतं. आम्ही स्टेजवरून उतरलो. तिची आई उठली. माझे बाबा मागच्या रांगेतून उठले. बाहेर येईपर्यंत आत पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं होतं, आणि तो बोलायला लागला होता. कार्यक्रम थांबला नाही. मुळीच थांबला नाही.

बाबा खूष झाले असतील असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. घरी येऊन म्हणाले, अशा माणसांशी वैर घेऊन तुझं पुढचं कसं होईल? सर्जन लोक सगळे एकमेकांना ओळखतात. उद्या तुझ्या परीक्षेला हेच बसतील. मी म्हटलं, बसू दे. ते म्हणाले, तुला सोपं वाटते. कित्येक दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. त्यांना माझी भीती नव्हती, माझ्यासाठी भीती होती. मला ते कळत होतं. तरी वाईट वाटायचं ते वाटायचंच.

प्रणालीच्या आईला दुसऱ्याच आठवड्यात सांगण्यात आलं की आता आयांची संख्या जास्त झाली आहे. ती आता एका शाळेत काम करते, पगार कमी आहे. माझ्याविषयी शहरातल्या मराठी घरांमध्ये एकच शब्द फिरला, कृतघ्न. कॉलेजात कोणीतरी म्हणालं, ह्यांना कितीही द्या, ह्यांचं असंच असतं. ज्याने म्हटलं तो माझ्या नोट्सवर पास झाला होता. सरांचा मला कधी फोन आला नाही. एकदा एका लग्नात समोरासमोर आलो, त्यांनी नमस्कार केला. त्याच हसण्याने. मी केला नाही.

पीजीला पहिल्या वेळी माझा नंबर लागला नाही. दुसऱ्या वेळी लागला, सर्जरीला. भोपाळच्याच सरकारी कॉलेजात. पोटाला टाके घालताना माझ्या सीनियरने कधी माझ्या हातांना वेगळं म्हटलं नाही. तिला टाका नीट बसला की नाही एवढंच बघायचं असतं. चुकला की बोलते, खूप बोलते, सगळ्यांसमोर बोलते. मला ते अपमान वाटत नाही. ती मला शिकवते आहे.

आनंद नगरच्या विहाराच्या मागे एक खोली आहे. तिथे रविवारी, सुटी मिळाली तर, मी बसते. माझ्याबरोबर अजून तिघं आहेत, एक मुसलमान मुलगा जहांगीराबादचा, तो मेडिसिन करतो, दोघी इंटर्न. प्रणाली आता तिसऱ्या वर्षाला आहे, तीपण येते, बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवते, आणि माझ्यापेक्षा बरं शिकवते. कोणतं पुस्तक आधी, तोंडी परीक्षेत काय विचारतात, रँक विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, एवढंच आम्ही सांगतो. बॅनर नाही. फोटो नाही. आभार मानायचे नाहीत, हा नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला मी खरंच रागावते.

मागच्या महिन्यात एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. दारातच उभी राहिली, आत येईना, आणि सांगायला लागली. नवरा सोडून गेला, सासू मारायची, दीराने घर बळकावलं. सगळं एका दमात, एका सुरात. मला ऐकून कळलं की ही हे पहिल्यांदा सांगत नाही. किती दारांवर सांगून सांगून ते असं गुळगुळीत झालं असेल. मुलगी मागे उभी राहून जमिनीकडे बघत होती. तिला ते सगळं पाठ होतं.

मी म्हटलं, "ताई, हे मला सांगू नका. हिला आत पाठवा. तिचं फिजिक्स कसं आहे ते बघू."

बाई गोंधळली. तिला वाटलं मी नाही म्हणते आहे. तिला समजवायला मला बराच वेळ लागला की इथे आत यायला दुःख लागत नाही. तेव्हा मला जी किळस आली ती तिची नव्हती. आमच्या बायकांना, बापांना, पोरांना दारात उभं करून असं बोलायला ज्यांनी शिकवलं, त्यांची होती.

मंडळाचा कार्यक्रम अजून होतो. दरवर्षी होतो. पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या, हार, मनोगत. निवडलेल्या मुलांची नावं बाहेर आली की मी त्यांच्या घरी जाते, एकेकाच्या. जाऊ नका असं मी सांगत नाही. पालक-डॉक्टर पाहिजे तर जा, घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण स्टेजवर घरातलं एकही माणूस द्यायचं नाही. बाप द्यायचा नाही, आई द्यायची नाही. हृदयाच्या झडपांवर बोला. बेडकावर बोला. ह्याला मंडळ फोडाफोडी म्हणतं. काकूंनी निरोप पाठवला होता की हे थांबव, नाहीतर योजना बंद करावी लागेल आणि पाप तुझ्या डोक्यावर.

बंद करा.

मागच्या वर्षी चार मुलांपैकी दोघं रडली नाहीत. यंदा मी चारही घरी जाणार आहे, पुढच्या वर्षीही जाणार आहे. एकही पोर रडलं नाही तर त्या पांढऱ्या खुर्च्यांवर किती जण येऊन बसतात, ते मला बघायचं आहे.